तुरळक ठिकाणी

मोबाइलवर इशारा येतो तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो. मे महिन्याचा दुसरा आठवडा. पुढच्या तीन तासांत रायगड जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजा आणि ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाचा सोसाट्याचा वारा. तुम्ही वर बघता. आभाळ पांढरंफटक, ढगाचा पत्ता नाही. अंगणात दोरीवर कपडे वाळताहेत. अशा इशाऱ्यांचं आपण सगळेच जे करतो तेच तुम्ही करता. वाचता आणि पुढे सरकवता.

आज पुढे सरकवू नका. फोन पालथा ठेवा. कर्जतहून कडावकडे जाताना लागणाऱ्या एखाद्या गावात आंब्याखाली बाजलं टाकलेलं आहे असं समजा, आणि त्यावर बसा. इशाऱ्याची मुदत तीन तासांची आहे. हवामान खात्याचे असे तातडीचे इशारे तेवढ्यापुरतेच असतात. चार वाजेपर्यंत आपल्याला दुसरं काम नाही.

एक आहे. जुन्या सुती साडीचा हातभर पट्टा फाडून अंगणाच्या कडेला, झाडापासून लांब, उंच बांबूच्या शेंड्याला बांधा. एका टोकाने बांधा, म्हणजे दुसरं मोकळं फिरेल. झालं? पट्टा पूर्वेकडे फडफडतोय. म्हणजे वारा पश्चिमेकडून येतोय. वाऱ्याला नाव मिळतं ते तो निघाला त्या दिशेचं, माहेरचं नाव लावावं तसं. मोबाइलमधला बाण मात्र बहुतेक वेळा वारा जातोय कुठे ते दाखवतो. मी एक अख्खा उन्हाळा तो बाण उलटा वाचला आणि रोज पश्चिमेच्या वाऱ्याला पूर्वेचा म्हणत राहिलो. चिंधी बघितली असती तर पहिल्या दिवशीच कळलं असतं.

आता तो शब्द घेऊ. तुरळक. आपल्या तोंडी तुरळक म्हणजे इथे-तिथे, नावापुरतं. खात्याच्या भाषेत त्याला माप आहे. पावसाचा अंदाज सांगताना तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पाव हिश्श्यात किंवा त्याहूनही कमी. त्याच्या वरची पायरी काही ठिकाणी, मग बऱ्याच ठिकाणी, मग बहुतेक सर्व ठिकाणी. डोळे मिटा आणि हा भाग नजरेसमोर आणा. श्रीवर्धनची वाळू, अलिबागचा किल्ला, पेणची मिठागरं, महाड-पोलादपूरचे डोंगर, उरणची खाडी, आणि भीमाशंकरच्या पायथ्याचं आपलं खांडस. १९८१ पर्यंत ज्याला कुलाबा म्हणायचे तो हा जिल्हा. इशाऱ्याच्या नकाशात या सगळ्याला मिळून एकच रंग भरतात, पिवळा किंवा नारिंगी. नकाशा काढणाऱ्याचा त्यात दोष नाही. कुठेतरी रेघ मारावी लागते आणि ती जिल्ह्याचीच मारतात.

पण चौथाई वादळ कुणाच्याच अंगणात येत नाही. येतं ते अख्खं, नाहीतर येतच नाही. काल कशेळ्यात पत्रे उडाले आणि नेरळला कपडे वाळत होते. दोन्हीकडे इशारा तोच होता, आणि दोन्हीकडे तो खरा होता. हे एकदा नीट मनात बसू द्या. घाई नाही. आपण खोटा अंदाज म्हणून ज्याला नावं ठेवतो, त्यातले कितीतरी अंदाज फक्त शेजारच्या गावात खरे झालेले असतात.

मग आपलं ठिकाण कोणतं? डोळे उघडा.

समोर पूर्वेला सह्याद्रीची भिंत. ढाकचा बहिरी, पलीकडे कोथळीगडाचा सुळका, दक्षिणेला राजमाचीची जोडशिखरं. पाठीमागे पश्चिमेला माथेरानचं लांबलचक सपाट डोकं, त्याच्या पुढे पेबचा किल्ला. या दोन उंच कडांच्या मधल्या खोऱ्यात आपण आहोत. उल्हास नदी इथून समुद्राकडे थेट पश्चिमेला जात नाही. माथेरान आडवं येतं, म्हणून ती उत्तरेला नेरळ, वांगणी, बदलापूर करत कल्याणला जाते आणि मग वळते. वाऱ्याचंही थोडंफार तसंच. समुद्रावरून निघालेले खारे वारे दुपार चढताना आत शिरतात. त्यांतला काही वारा माथेरान ओलांडून येतो, काही खोऱ्याच्या उघड्या तोंडातून.

खालापूरकडे वेगळीच गोष्ट. तिथे पाताळगंगा रसायनी, आपट्यावरून धरमतरच्या खाडीकडे पश्चिमेला वाहते, म्हणजे खोऱ्याचं तोंड समुद्राच्याच बाजूला. तिथून आत आलेला वारा जसजसा खोपोलीकडे सरकतो तसे दोन्हीकडचे डोंगर जवळ येतात आणि शेवटी बोरघाट पुढ्यात उभा राहतो. नरसाळ्यात पाणी ओतल्यासारखं. चौक गावातून इर्शाळगडाचं नेढं दिसतं, कातळाला आरपार पडलेलं भोक. ज्यांनी त्यात बसून पाहिलंय त्यांना अरुंद वाटेत वारा कसा पिसाळतो हे सांगायला नको. खाली गवत शांत असतं आणि नेढ्यात टोपी हातात धरावी लागते. (त्याच गडाच्या कुशीतली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. तो घाव पावसाचा होता, वाऱ्याचा नाही. पण तिकडे बघितलं की आधी तेच आठवतं, आणि ते आठवू द्यावं.)

ज्या संगणकी गणितातून आपला अंदाज निघतो, ते गणित पृथ्वीवर चौकटी आखतं. प्रत्येक चौकटीला एक आकडा. आपल्या देशाची चौकट बरीच वर्षं १२ किलोमीटरची होती. मे २०२५ पासून पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टीम वापरात आली आणि चौकट ६ किलोमीटरवर आली. मोठं काम आहे हे. तरीही मनातल्या मनात ती चौकट आपल्या मुलखावर ठेवून बघा. नेरळ आणि माथेरान, सरळ रेषेत सहा-सात किलोमीटर. १९०७ पासूनच्या झुकझुक गाडीला मात्र वळणं घेत घेत वीस किलोमीटर लागतात, कारण मध्ये साडेसातशे मीटरची चढण आहे. बारा किलोमीटरच्या एका चौकटीत दोन्ही मावत होती. वर दरीच्या तोंडावर अंगावरचा शर्ट फडफडतोय, खाली स्टेशनात घाम निथळतोय, आणि आकडा एकच. आपलं अंगण तर चौकटीतला ठिपकाही नाही. फोनवर गावाचं नाव टाइप केल्यावर जो अंदाज गावाचा म्हणून दिसतो, तो गावात येऊन कुणी घेतलेला नसतो.

चिंधीकडे बघा. अजून पूर्वेकडेच. पण एकसारखी नाही. फडफडते, मग लटकते, मग एकदम ताठ होते, पुन्हा खाली. इथे आता थोडा वेळ थांबू.

अंदाजात वाऱ्याचे दोन आकडे असतात. एक वेग, दुसरा झोत. वेग म्हणजे जमिनीपासून दहा मीटरवर, साधारण तीन मजली घराच्या उंचीवर, दहा मिनिटांत वाहिलेल्या वाऱ्याची सरासरी. झोत म्हणजे तीन सेकंदांचा वारा. दहा मिनिटांत तीन-तीन सेकंदांचे दोनशे तुकडे बसतात. दोनशेंची सरासरी तो वेग, आणि दोनशेंतला सगळ्यांत दांडगा एक तुकडा तो झोत.

मोजून बघू. चिंधी ताठ झाली की मनात म्हणा, एक, दोन, तीन. बस, एवढाच. एक श्वास आत घेतला की झाला. पुढचा तुकडा मोजा. हा निवांत. पुढचा, हाही निवांत. मोजता मोजता लक्षात येईल की बहुतेक तुकडे सरासरीच्या आसपास किंवा खालीच आहेत, आणि मधूनच एखादा उसळतो. मोकळ्या रानात असा झोत सरासरीच्या दीडपट असतो. घरं, झाडी, टेकाडं असली की दुपटीपर्यंत जातो. म्हणजे वारा ताशी वीस म्हणून आपण निर्धास्त बसतो तेव्हा त्याच्याच पोटात चाळीसचा झोत असू शकतो.

आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या सरळ हिशेबाने वाढत नाही, वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, जोर चौपट. दहा फूट बाय तीन फुटांचा एक पत्रा घ्या. ताशी ३६ किलोमीटरचा वारा त्यावर समोरून आदळला तर साधारण १७ किलोंचा दाब पडतो. ताशी ७२ ला ६८ किलोंचा. पहिल्यात एक शाळकरी पोर पत्र्यावर रेललंय, दुसऱ्यात धडधाकट बाप्या. शिवाय छपरावरून वारा जातो तेव्हा तो पत्रा दाबत नाही, वर ओढतो. पागोळीची कड आणि कोपरे आधी सुटतात ते त्यामुळे. वाऱ्याच्या बाजूचा दरवाजा सताड उघडा असेल तर आत भरलेली हवाही खालून रेटते, वरून ओढ आणि खालून रेटा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं. ताशी ११० ते १२० हा तिथला वेग सगळ्यांच्या तोंडी झाला. आपल्याकडे आत, डोंगरात येईतो तो आकडा उरला नव्हता. पण झाडं पडली, पत्रे गेले, लाईट गेली. एका ओळीतल्या चार घरांतलं तिसरंच उघडं पडलं असं त्या वेळी दिसायचं, आणि लोक नशिबाला बोल लावायचे. कोपऱ्यावरच्या हुकांकडे फारसं कुणी बघितलं नाही.

माझाही एक तुकडा सांगतो, दोनशेंतला. घरचं लग्न, मे महिना, हळदीचा दिवस. मांडव घालणाऱ्याने कापडाचं छत वरून चोपून ताणलं होतं आणि तिन्ही बाजूंनी कनात लावली होती, फोटो छान यावेत म्हणून. त्याला ती तशी लावायला मीच सांगितलं होतं. म्हातारा मांडववाला दोनदा म्हणाला, दादा, वाऱ्याला वाट ठेवा, एक बाजू सोडू या. मी फोनवर बघून त्याला ताशी अठराचा वारा दाखवला. अठरा बरोबरच होता. साडेतीन वाजता पूर्वेच्या बाजूची कनात पोटात गुद्दा बसावा तशी आत आली, छत फुगलं, दोन बांबू जमिनीतून मुळ्यासारखे उपटले गेले आणि कापड शेजारच्या वाड्यातल्या शेवग्यावर जाऊन बसलं. मग सगळं गप्प. हळदीच्या ताटात धूळ. कुणाला लागलं नाही. मांडववाला काही बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं मला आजही ऐकू येतं.

त्या दिवशी मी सरासरी वाचली होती.

झोत येतो कुठून, हे बसल्या बसल्या मनात उभं करता येतं. वर वारा नेहमीच जोरात असतो; खाली जमीन, झाडं, घरं त्याला धरून ठेवतात. पहाटे जमीन गार असते, तिच्यावरची गार जड हवा झाकणासारखी बसते आणि वरचा वारा वरच राहतो. खोऱ्यात धूर कौलांच्या वर चार हात जाऊन आडवा पसरलेला दिसतो तो तेव्हा. ऊन तापलं की जमिनीलगतची हवा गोळ्या-गोळ्यांनी वर सुटते आणि तिच्या जागी वरची वेगवान हवा खाली येते, आपला वेग घेऊन. दुपारचे झोत हे असे वरून खाली पडलेले असतात. चिंधी ताठ होते त्या तीन सेकंदांत माथेरानच्या उंचीवरचं काहीतरी तुमच्या अंगणाला शिवून जातं.

म्हणून राब सकाळी भाजतात. भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर शेण, पातेरा, कवळं, गवत रचायचं, वर माती टाकायची, आणि झाकण उठायच्या आत काडी लावायची. वारा असलाच तर आग त्याच्या सामोरी जाईल अशा बेताने, खालच्या अंगाने पेटवायचं. म्हणजे ती धावत नाही. धुमसत, चवीने खात जाते आणि जमीन नीट भाजते. आमच्या शेजारची ठाकर आजी काडी लावायच्या आधी चिमूटभर राख हवेत सोडते आणि तिच्याकडे बघत उभी राहते. राख खाली पडली तर काडी. राख गेली तर आजी घरी. दहा वाजल्यानंतर राब पेटवणाऱ्याला ती जे म्हणते ते छापता येणार नाही. डोंगरावरचे निम्मे वणवे अशाच उशिरा उठलेल्या माणसांचे असतात असं तिचं मत आहे. दिवाळीच्या सुमाराला भात वारवताना तीच आजी नेमकी उलट वेळ धरते. ऊन चढून वारं लागेपर्यंत सूप हातात घेत नाही. तिला वारं एकसारखं लागतं. झोत आला की सूप खाली. झोतात भुशाबरोबर दाणाही जातो.

अडीच वाजून गेले असतील. पूर्वेला बघा.

ढाकच्या मागे पांढरा गड्डा उगवलाय, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा. मघाशी नव्हता. समुद्रावरून आत आलेली दमट हवा घाटाच्या भिंतीला टेकली, तापली, वर चढली. घाटावरची कोरडी गरम हवा पलीकडे आहेच. दोन्हींच्या सांध्यावर ढग वाढतो. मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरात, भात कापणीला आलेलं असताना, वरच्या थरातला वारा पुष्कळदा पूर्वेकडून असतो आणि हे ढग घाट उतरून आपल्याकडे येतात. जुलैचं तसं नसतं. तेव्हा दीड किलोमीटर उंचीवरून पश्चिमेचा जबरदस्त प्रवाह दिवस-दिवस वाहतो, पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी १९६६ साली दाखवून दिलेला. त्या वाऱ्याचे सपकारे असतात, पण तो सांगून सवरून येतो. त्याच्याकडे पाठ करून घर बांधता येतं. मे महिन्यातला तसा नाही.

ढगात काय चाललंय ते हळूहळू बघू. पाऊस ढगातून निघालाय, पण खालची हवा इतकी कोरडी की थेंब वाटेतच वाळताहेत. पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं. माठ गार होतो तो तसाच. भोवतालची हवा माठासारखी गार होते, गार झाली म्हणून जड होते, जड झाली म्हणून कोसळते. जमिनीवर आपटते आणि चहूबाजूंनी पसरते, मोरीत बादली उपडी केल्यावर पाणी पसरावं तशी. ही पसरणारी गार हवा पावसाच्या पुढे धावते, कधी कधी कितीतरी किलोमीटर पुढे. म्हणून आधी धूळ, मग गारवा, मग मातीचा वास, आणि मग थेंब. १३ मे २०२४ ला मुंबईत आधी धुळीने अंधारलं. घाटकोपरला पेट्रोल पंपावर तो महाकाय फलक कोसळून सतरा माणसं गेली ती त्याच दुपारी.

आपल्या खोऱ्यात या हवेची एक ओळखीची खूण आहे, आणि ती आकाशात नाही, चिंधीत आहे. रोजचा वारा पश्चिमेचा. ढगाचा वारा पूर्वेचा. दोघे समोरासमोर येतात तेव्हा काही मिनिटं कुणाचंच चालत नाही.

साडेतीन. ऐका.

आंब्याची सळसळ थांबलीय. पिंपळाचं पान, जे कशानेही हलतं, तेही उभं आहे. उकाडा एकदम दाटून आल्यासारखा वाटतो. तापमान वाढलेलं नाही, घाम वाळवणारा वारा गेलाय. कावळे बोलायचे थांबलेत. लांब गुरगुर होते, पण ती मघापासून आहेच. वारा पडला की माणसाला बरं वाटतं, चला, शांत झालं. याच शांततेत मी त्या दिवशी मांडवात खुर्च्या मांडत होतो.

या शांततेत बसून राहा. तिला घाबरू नका आणि तिच्यावर विसंबूही नका. दोनशे तुकडे आठवा. त्यांतला कितवा चालू आहे ते कुणाला कळत नाही. कुंपणापलीकडे आजी दारात आली आहे. ती आभाळाकडे बघत नाही, तुमच्या चिंधीकडे बघते, हसते, आणि कोंबड्यांना हाक मारून आत घेते. तिने फोन बघितलेला नाही. तुम्ही बघितला होता म्हणून तर एक वाजल्यापासून इथे बसलात. तोही काही वाया गेला नाही.

चिंधी सरळ खाली लोंबतेय. उन्हात विटलेलं तिचं काठाकडचं टोक एकदा थरथरतं. थांबतं. पुन्हा थरथरतं, आणि सावकाश, कुणी बोट धरून फिरवावं तसं, पश्चिमेकडे वळतं. मानेला गार लागतं.

उठा. कपडे काढा.